प्रौढांना गणित शिकवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना चालवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुणे, नाशिक, काठमांडू, नैरोबी आणि लंडन इथले आठ-नऊ जण. काही मोठ्या माणसांना गणित शिकवतात, काही त्यावर संशोधन करतात. करोनाच्या काळात ऑनलाइन ओळख झाली, भेटी चालू राहिल्या, आता रीतसर संघटना काढायची आहे. नोंदणी कुठे करावी, वर्गणी किती ठेवावी, परिषद आणि नियतकालिक कसं चालवावं, आणि अशा संस्था दोन-तीन वर्षांत का मरतात, हे विचारलंय.

मी लेस्टरला संध्याकाळचे प्रौढांचे गणिताचे वर्ग घेते आणि अशाच एका संघटनेची सहा वर्षं चिटणीस होते, आता विश्वस्त आहे. संघटनेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली जे सांगणार आहे त्यात घरची धुणी बरीच आहेत.

आधी एक उलटा प्रश्न. नवी संघटना हवीच आहे का? 'अ‍ॅडल्ट्स लर्निंग मॅथेमॅटिक्स' हा संशोधन मंच १९९४ पासून चालू आहे. बर्मिंगहॅमला पहिली परिषद झाली, डायना कोबेन या संस्थापक अध्यक्ष. इंग्लंड-वेल्समध्ये धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली, सभासद जगभरातले, दरवर्षी परिषद, तीही वेगवेगळ्या देशांत, आणि २००५ पासून स्वतःचं नियतकालिक, तेही वाचायला फुकट. अमेरिकेत प्रौढांना गणित शिकवणाऱ्यांचं वेगळं जाळं आहे. दर चार वर्षांनी भरणाऱ्या गणित-शिक्षणाच्या जागतिक परिषदेतही (आयसीएमई) प्रौढांच्या गणितावर गट बसत आलाय. या सगळ्यांत आधी सभासद व्हा, एखाद-दोन वर्षं आत बसून बघा. त्यानंतरही वाटलं की दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतले वर्गावरचे लोक तिथे पोचत नाहीत, इंग्रजी हा उंबरठा आहे, तर ती तुमची जागा. मग घटनेच्या पहिल्या उद्देशात तेच लिहा, मोघम 'प्रौढ गणित-शिक्षणाचा जागतिक विकास' नको. जगाचा विकास करणाऱ्या संस्थेला कोरम जमत नाही.

आता माझं मुख्य म्हणणं. या क्षेत्रात दोन जातीचे लोक येतात आणि दोघांची एकमेकांना गरज असते. विद्यापीठातले संशोधक आणि वर्गावरचे शिक्षक. संघटना चालवताना घेतलेला प्रत्येक निर्णय, अगदी सभेची वेळसुद्धा, या दोघांतल्या एकाला हळूच बाहेर ढकलतो. आणि तो एक जण जवळजवळ नेहमी वर्गावरचा असतो. कोणी त्याला काढत नाही. तोच यायचा थांबतो.

दोघं एकत्र हवेत कशाला, ते एका उदाहरणाने सांगते. सेलिया हॉइल्स, रिचर्ड नॉस आणि स्टेफानो पोझी यांनी मुलांच्या रुग्णालयातल्या परिचारिका औषधाची मात्रा कशी काढतात ते वॉर्डात उभं राहून पाहिलं. प्रशिक्षणात एक सूत्र शिकवलेलं असतं: हवी असलेली मात्रा भागिले हातातली मात्रा, गुणिले ती ज्यात आहे त्या द्रावणाचे मिली. वॉर्डात ते फार कमी वेळा दिसलं. अमिकॅसिन या प्रतिजैविकाच्या बाटलीत २ मिलीत १०० मिलिग्रॅम असेल आणि बाळाला १२० द्यायचं असेल, तर परिचारिका १२० ची दुप्पट करते, २४०, दशांशचिन्ह दोन घरं मागे घेते, २.४ मिली. झालं. दुसऱ्या औषधाला दुसरी युक्ती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या वर्गात केअर होममध्ये काम करणाऱ्या तिघी होत्या आणि मी त्यांच्याकडून तेच सूत्र घोकून घेत होते. पुढच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, कामावर तुम्ही हे कसं करता? अर्धा तास तिघीच बोलत होत्या, आणि वहीत काय उतरवायचं ते मला कळलं. संशोधकाने बघितलं नसतं तर मी विचारलं नसतं, आणि वर्ग नसता तर त्या संशोधनाचं फळ्यावर काय करायचं हे कोणालाच कळलं नसतं.

मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी कॅलिफोर्नियात केलेलं काम तुम्हाला माहीत असेलच. सुपरमार्केटमध्ये भाव पडताळताना लोकांची ९८ टक्के उत्तरं बरोबर, त्याच लोकांना कागदावर तशीच गणितं दिली तर ५९ टक्के. आपल्याकडे हे सांगायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. काही महिने अक्षरं गिरवून त्या पुन्हा तिथे गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही मुद्दलावरचं व्याज विचारा, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा यांनी हा प्रसंग अनेकदा सांगितलाय. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात के. सुब्रमण्यम आणि अरिंदम बोस यांनी धारावीतल्या कामधंद्याच्या घरातली मुलं शाळेबाहेर कोणतं गणित शिकतात ते पाहिलंय. ती मुलं आहेत, प्रौढ नव्हेत, तरी आपल्या कामाला फार जवळचं. तुमच्या पहिल्या बैठकीला अशा लोकांना बोलवा. इंग्रजी नावांची यादी नंतर.

पण बोलवलं की राहतात असं नाही. आमच्याकडे एका वर्षी एका शिक्षिकेने परिषदेसाठी दीड पानी टिपण पाठवलं. विषय होता, सफाई कामगारांच्या वर्गात तिने पगाराच्या चिठ्ठीवरून टक्केवारी कशी शिकवली. दोन परीक्षकांनी ते परत पाठवलं, शेरा असा की सैद्धांतिक चौकट नाही. नियमाप्रमाणे शेरा बरोबर होता. ती पुन्हा कधी आली नाही. तेव्हा मी चिटणीस होते आणि नकाराचं पत्र माझ्या सहीने गेलं होतं. त्यानंतर आम्ही शोधनिबंध वेगळे आणि 'वर्गातून' हा विभाग वेगळा केला. त्याचा नियम एकच: काय केलं, कोणासाठी केलं, विद्यार्थी काय म्हणाले आणि काय फसलं. फसलेलं लिहिलं नसेल तर मात्र परत. आज परिषदेत गर्दी त्याच तासांना असते. संशोधकही तिथेच बसतात, कारण त्यांना पुढचा विषय तिथे सापडतो.

आता नोंदणी. इथे भावना बाजूला ठेवा.

महाराष्ट्रात नोंदवायची तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा (सात जण लागतात) आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. हे सगळे करतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, आणि तो न दिल्याने भांडत बसलेल्या किती संस्था तुम्हाला माहीत असतील ते तुम्हीच मोजा. अडचण त्यापुढची. परदेशी सभासदांकडून पैसा घ्यायचा म्हणजे परकीय योगदान नियमन कायदा, २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. कार्यकारिणीत परदेशी नागरिक असले तर ही नोंदणी आणखी अवघड. तुमच्या कार्यकारिणीत निम्मे परदेशी असणार. नैरोबीच्या शिक्षकाला प्रवासखर्च देणं हा तर तुमचा मुख्य हेतू. या कामात मुरलेल्या सीएला फी देऊन विचारा, ओळखीच्या काकांना नको.

इंग्लंडमध्ये २०१३ पासून धर्मादाय संस्थांसाठी एक सुटसुटीत प्रकार आहे, त्याला इथे सीआयओ म्हणतात. कंपनीसारखी मर्यादित जबाबदारी मिळते, पण हिशेब फक्त चॅरिटी कमिशनला द्यायचा, कंपनी नोंदणी कार्यालयाला वेगळा नाही. मुख्य पत्ता इंग्लंड किंवा वेल्समध्ये लागतो, विश्वस्त बाहेरचे चालतात. तुमचं लंडनचं माणूस पाच वर्षं तरी हलणार नसेल तर हाच मार्ग धरा. आणि घाई नको. इथे वर्षाचं उत्पन्न ५,००० पौंडांच्या आत असेल तर साधी, नोंदणी नसलेली संस्था म्हणूनही चालवता येते. पहिली दोन वर्षं तसंच चालवा. घटना मात्र पहिल्या दिवसापासून लेखी असू द्या.

घटनेत लोक उद्देशांवर तीन पानं लिहितात आणि कोषाध्यक्षावर दोन ओळी. आमच्याकडेही तसंच होतं. आमच्या खात्यावर दोन सह्या चालायच्या. कोषाध्यक्ष नोकरीनिमित्त न्यूझीलंडला गेले, नवे निवडले ते डब्लिनचे. बँकेने सांगितलं, परदेशात राहणाऱ्याची सही घेत नाही. बरं, दुसरं नाव दिलं, तर सभेचा ठराव त्यांच्या मसुद्याप्रमाणे नाही. ठराव दुरुस्त करायला सभा हवी, सभेला २१ दिवसांची नोटीस हवी. नोटीस काढली, ठराव झाला, कागद टपालाने पाठवले, ते 'मिळाले नाहीत'. पाच महिने खातं दिसत होतं पण पैसे हलत नव्हते, आणि परिषदेच्या सभागृहाची अनामत भरायची तारीख उद्यावर आलेली. मी माझ्या क्रेडिट कार्डावर भरली. पैसे परत मिळाले ते पुढच्या आर्थिक वर्षात. ताळेबंदात 'विश्वस्ताशी व्यवहार' म्हणून ओळ आली आणि सर्वसाधारण सभेत एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, हे काय आहे? त्यांचं विचारणं योग्यच होतं. माझ्या नवऱ्यानेही तेच विचारलं होतं, फक्त थोड्या वेगळ्या शब्दांत.

म्हणून खातं ज्या देशात आहे तिथे राहणाऱ्या किमान तिघांच्या सह्या असाव्यात, त्यांतल्या कोणत्याही दोन चालाव्यात, आणि कोषाध्यक्षाला जोडीला उपकोषाध्यक्ष हवा, जो पुढच्या वर्षी आपोआप कोषाध्यक्ष होईल. ठरावाचा मसुदा बँकेकडून आधी मागवून घटनेच्या मागे टाचून ठेवा.

वर्गणीबद्दल थोडंच सांगते. एकच दर ठेवू नका. देशाप्रमाणे दर ठेवण्यापेक्षा उत्पन्नाप्रमाणे ठेवा, कारण लंडनमध्येही तासिका तत्त्वावर काम करणारी शिक्षिका गरीबच असते आणि पुण्यातला प्राध्यापक नसतो. आमच्याकडे तीन दर आहेत, कोणता लागू होतो ते ज्याने त्याने ठरवायचं, पुरावा मागत नाही. कोणी गैरफायदा घेतल्याचं मला आठवत नाही. खरा त्रास वेगळाच. दहा पौंड काठमांडूहून पाठवायला बँक त्याहून जास्त घेऊ शकते. म्हणून पाच वर्षांची वर्गणी एकदम घ्या, किंवा तिकडचं कोणी परिषदेला येणार असेल त्याच्या हाती जमा करू द्या आणि पावती लगेच द्या. हस्ते-परहस्ते पैसा आला की पावतीपुस्तक हेच तुमचं अब्रूरक्षण.

सभेची वेळ हा मला सगळ्यात आवडता विषय आहे, कारण गणिताच्या माणसांना हे गणित सुटत नाही. उन्हाळ्यात लंडनला रात्रीचे ९ म्हणजे व्हँकुव्हरला दुपारचा १, मेलबर्नला दुसऱ्या दिवशी सकाळचे ६ आणि पुण्यात रात्रीचा दीड. लंडनला सकाळचे ८ ठेवले तर पुण्यात साडेबारा, मेलबर्नला संध्याकाळचे ५, पण व्हँकुव्हर मध्यरात्री जागं. त्यात मार्चमध्ये अमेरिका घड्याळ पुढे नेते ते ब्रिटनच्या दोन-तीन आठवडे आधी, ऑस्ट्रेलिया एप्रिलमध्ये मागे आणते, भारत काहीच करत नाही आणि नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. एका बैठकीला आमचे चौघे एक तास आधी येऊन बसले आणि 'रद्द झाली वाटतं' म्हणून निघून गेले. कोरम गेला. तुमच्याकडे व्हँकुव्हर नाही, म्हणजे नशीब. लंडन, नैरोबी, पुणे, काठमांडू हा पट्टा सोपा आहे: लंडनला उन्हाळ्यात दुपारचे २, नैरोबीला ४, पुण्यात साडेसहा, काठमांडूला पावणेसात. पण बघा, दुपारी दोनला लंडनचा प्राध्यापक मोकळा असेल, साडेसहाला पुण्यातली शिक्षिका मात्र वर्गावर असेल. प्रौढांचे वर्ग संध्याकाळीच असतात ना. मी म्हटलं तसं, कोणी काढत नाही. रविवार सकाळ धरा.

परिषदेचा खर्च, जेवण, प्रक्षेपक याबद्दल सल्ला द्यायला शंभर लोक मिळतील. मी दोनच गोष्टी सांगते.

पहिली, व्हिसाचं पत्र. एका वर्षी मी निमंत्रणपत्रात परिषदेची अखेरची तारीख चुकीची टाकली. विमानाचं तिकीट खऱ्या तारखेचं, पत्र वेगळ्या तारखेचं. पश्चिम आफ्रिकेतल्या एका सहकाऱ्याचा व्हिसा नाकारला गेला. नकारात इतरही कारणं होती, पण ती तारीख पहिल्या ओळीत होती. तेव्हापासून प्रत्येक पत्र दोघं वाचतात, पत्रात राहण्या-जेवणाचा खर्च कोण देणार ते आकड्यांत लिहिलेलं असतं आणि पत्रं चार महिने आधी जातात. नाव पासपोर्टवर जसं असेल तसंच, आपल्याला शुद्ध वाटेल तसं नाही. नोंदणी शुल्कातला ठरावीक हिस्सा कमी उत्पन्नाच्या देशांतल्या लोकांसाठी आधीच बाजूला काढा. आयसीएमईमध्ये दहा टक्के असा काढतात. 'शिल्लक राहिली तर देऊ' म्हटलं की शिल्लक राहत नाही.

दुसरी, चहाची सुट्टी अर्ध्या तासाच्या खाली आणू नका. एकदा चहाच्या रांगेत मी एका डॅनिश शिक्षिकेजवळ उभी होते. ती कुरकुरत होती की निर्वासितांच्या वर्गात तिचे विद्यार्थी भागाकार करतात, पण पन्नासला अडतात. डॅनिशमध्ये पन्नासला 'हाल्व्हत्रेस' म्हणतात. का, विचारलं. तर म्हणाली, जुन्या भाषेत 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. पहिले दोन पूर्ण, तिसरा अर्धा, म्हणजे अडीच, अडीच विसा पन्नास. मी थबकलेच. आमच्या आजोळी आजी अंडी विसात मोजायची, ती अडीच विसाच म्हणायची. आणि आपला 'अडीच' तरी कुठून आला? संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे अर्धा-तिसरा! प्राकृतातून घासत घासत अडीच. पेपर नॅपकिनवर आम्ही नव्वदपर्यंत गेलो: डॅनिश नव्वद म्हणजे अर्धा-पाचवा, साडेचार विसा. तिथे उभ्या असलेल्या एका सोमाली शिक्षकाने त्याच्या भाषेतले आकडे लिहिले, जर्मन बाईंनी एकक आधी म्हणायची त्यांची तऱ्हा सांगितली, मी त्रेपन्न-चौपन्न सांगितले आणि बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला तेही. पुढचं सत्र वीस मिनिटं उशिरा सुरू झालं. पुढच्या वर्षीपासून 'आकड्यांची नावं' असा तास कार्यक्रमात आला, त्याला निबंध लागत नाही, फक्त आपली भाषा लागते. तुमच्या संघटनेत मराठी, नेपाळी, स्वाहिली अशी मंडळी आहेत. इंग्रजी कच्चं असलेल्याला पहिल्याच दिवशी फळ्यापाशी उभं करायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

नियतकालिक पहिली तीन वर्षं काढू नका. खरंच नको. ओपन जर्नल सिस्टिम्स ही कॅनडात तयार झालेली प्रणाली फुकट आहे, त्यामुळे तांत्रिक भाग सोपा वाटतो आणि लोक उडी मारतात. संपादन, परीक्षक शोधणं, सहा महिने गप्प बसलेल्या परीक्षकाला चौथं स्मरणपत्र पाठवणं, हे काम फुकटात करणारं माणूस सापडेपर्यंत परिषदेचं इतिवृत्त नीट छापा. तेच पुढे उद्धृत होतं. गोषवारे मराठीतही घ्या.

शेवटी तुमचा तो प्रश्न, संस्था का मरतात. सरकारी पैशाची लाट येते आणि जाते, हे एक मोठं कारण. इंग्लंडमध्ये १९९९ ला प्रौढांच्या लिहिण्या-वाचण्या-गणितावरचा मोझर अहवाल आला, त्यावरून २००१ मध्ये 'स्किल्स फॉर लाइफ' ही सरकारी मोहीम निघाली, तेव्हा प्रत्येक कॉलेजला प्रौढ-गणिताचे शिक्षक हवे होते. पुढे प्रौढांच्या गणितासाठी 'मल्टिप्लाय' ही योजना आली, ५६ कोटी पौंडांची, ती मार्च २०२५ मध्ये संपली. लाटेच्या काळात आमचे सभासद वाढले, परिषदेचा खर्च कॉलेजं देत होती. लाट ओसरली की कॉलेज म्हणतं, खर्च स्वतःचा करा. गरज मात्र ओसरत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या प्रौढ-कौशल्य पाहणीचे निकाल आले, ३१ देश-प्रदेशांतले, त्यात सरासरी चौथाई प्रौढ संख्याज्ञानात सगळ्यात खालच्या पातळ्यांवर होते. तुमच्याकडे 'उल्लास' ही केंद्र सरकारची प्रौढ-साक्षरता योजना आहे, २०२२ ते २०२७. परीक्षेत वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुण. म्हणजे कागदावर तरी गणित अक्षरांच्या बरोबरीने बसलंय. योजना स्वयंसेवकांवरच चालते. योजना चालू असतानाच त्यांना सभासद करून घ्या, नंतर ते कुठे सापडतील? आणि त्यांच्याकडून पहिल्या वर्षी वर्गणी घेऊ नका, एक टिपण घ्या: संख्याज्ञानाच्या ५० गुणांतल्या कोणत्या प्रश्नाला आजी हसल्या आणि का.

लोगो आणि नावाबद्दलही विचारलंय. नाव असं ठेवा की त्याचं लघुरूप चारही भाषांत काही भलतंच होणार नाही, एवढं बघा. लोगो आमच्याकडे अजून नीट नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

घटनेचा मसुदा झाला की पाठवा, वाचून देईन. कोषाध्यक्षाचं कलम आधी वाचणार आहे.